सरसाच्या भांड्यातलं पदक

१

इन्व्हरकीरच्या गोल्फ क्लबातलं जुनं रौप्यपदक नाहीसं झालंय हे सोमवारी सकाळी कळलं, आणि चोर कोण हे क्लबच्या साहेबलोकांनी न्याहारीच्या टेबलावरच ठरवून टाकलं. सार्जंट हेक्टर लम्सडेनला बोलावणं आलं ते तपासासाठी नव्हतंच. झडती घ्यायला गणवेशातला माणूस लागतो, म्हणून त्याची आठवण झाली होती.

किनाऱ्यावरच्या वाटेने जातानाच हेक्टरचं डोकं तापलेलं होतं. त्याचा बाप या क्लबात कॅडी होता. साहेबांच्या काठ्या खांद्यावर वाहता वाहता त्याची हयात गेली, पण धो धो पावसात सुद्धा त्याला कुणी व्हरांड्यात उभा राहा म्हटलं नाही. शेवटी छातीत थंडी भरून गेला. तेव्हापासून क्लबची ती दगडी इमारत दिसली की हेक्टरच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

त्यात आजच राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू होत होती. डंडीहून आलेल्या गाडीतून माणसं भराभरा उतरत होती आणि माळाच्या कडेने दोऱ्या बांधल्या जात होत्या.

क्लबच्या मागे वॅट किनमंडचं दुकान होतं. दुकान कसलं, दगडी पडवी. वॅट या क्लबचा प्रोफेशनल, म्हणजे पगारी खेळाडू. साहेबांना खेळ शिकवायचा, त्यांच्या मोडक्या काठ्या दुरुस्त करायच्या आणि वर्षातून एकदा देशातल्या बड्या बड्या खेळाडूंशी झुंजायचं, हे त्याचं काम. आज तो टाय बांधून, खेळायला तयार होऊन उभा होता आणि क्लबचे कॅप्टन कर्नल मॉन्क्रीफ त्याच्याकडे बूट चाटणाऱ्या कुत्र्याकडे बघावं तसे बघत होते. शेजारी सेक्रेटरी मिस्टर इनेस होते, आणि मागे क्लबचा बटलर टॅम गाऊ हात बांधून उभा.

"सगळं बघा, सार्जंट," इनेस मऊ आवाजात म्हणाले. "डबे, भांडीसुद्धा. म्हणजे बिचाऱ्या वॅटबद्दल कुणाच्या मनात किंतू राहायला नको."

हेक्टरने भुशाची पेटी उपसली, काठ्यांचे भारे हलवले, फडताळं धुंडाळली. काही नव्हतं. शेगडी थंडगार होती, आत राख पांढरी पडली होती. शेगडीवर सरसाचं भांडं होतं, लाकूड चिकटवायचा तोच तो हाडांचा सरस. तपकिरी, गुळगुळीत, वर एक चरा नाही. आणि कडेला त्या तपकिरी पृष्ठभागातून बोटभर निळी फीत वर आली होती.

हेक्टरने फीत ओढली. ती निघेना. त्याने भांडं पालथं करून ठोकलं, तरी गोळा जागचा हलेना. शेवटी वॅटचीच पटाशी घेऊन त्याने सरसाचा लगदा तुकड्या-तुकड्यांनी फोडून काढला. पदक मधोमध रुतलं होतं.

मग कर्नल म्हणाले, "किनमंड आज खेळणार नाही. माझ्या माळावर चोर खेळत नाहीत."

२

वॅटची पाळी दुपारच्या जेवणानंतर होती. हेक्टरने कर्नलांकडून तोवरची मुदत मागून घेतली. मागून घेतली म्हणजे, वेळ न मिळाल्यास आपण वर्तमानपत्रवाल्यांशी आत्ताच बोलायला जाऊ, एवढं त्याने नम्रपणे सांगितलं. कर्नल लाल झाले, पण कबूल झाले. मात्र वॅटला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवायचं आणि शेजारी शिपाई उभा करायचा, ही त्यांची अट.

तो बाक स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावरच होता. गावोगावचे लोक येत होते, थबकत होते, एकमेकांना कोपराने ढोसत होते. जे पोरपणापासून वॅटचं नाव ऐकत आले त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं, पोलिसाच्या शेजारी.

वॅट मच्छीमारांच्या आळीतला. वाकड्या फांदीने बुचाचा चेंडू हाणत हाणत तो वाळूत खेळायला शिकला. मग कॅडी झाला, मग काठ्या बनवणाऱ्याच्या हाताखाली राहिला, मग क्लबचा प्रोफेशनल. अजिंक्यपदात एकदा तिसरा आला, पुढच्या खेपेला दुसरा. तेवढ्यात महायुद्ध आलं. त्याने वॅटची उमेदीची वर्षं खाल्ली आणि बदल्यात गुडघ्यात तोफगोळ्याची कपची ठेवली. युद्धानंतर तो पुन्हा दुसरा आला, फक्त एका फटक्याने मागे. एक मोसम अमेरिकेत खेळला. तिथे त्याला सभासदांच्या पंगतीत बसवत, पैसाही बख्खळ होता. पण वॅट परत आला. त्याला अजिंक्यपद इथल्या वाऱ्यात जिंकायचं होतं. आणि आज इतक्या वर्षांनी स्पर्धा प्रथमच इन्व्हरकीरला आली होती. वॅटची चाळिशी उलटली होती, गुडघा रोज सुजायचा. पुन्हा ही संधी येणार नाही हे तो जाणत होता, आणि गावही.

हेक्टरने शिपायाला चार पावलं लांब पिटाळलं आणि बाकावर बसला. दोघे एकाच शाळेत एकाच मास्तरांचा मार खाल्लेले.

"तू केलंस का?"

"तूही विचारतोस?"

"मला विचारायचा पगार मिळतो."

"नाही केलं."

"झालं. आता शनिवारपासूनचं सांग."

वॅटने सांगितलं. शनिवारी दुकानात नुसती झुंबड होती. स्पर्धेआधी सगळ्यांनाच काठ्या ठाकठीक करून हव्या होत्या. दिवसभर शेगडी पेटलेली, सरस उकळत होता. कर्नल स्वतः काठीचं डोकं सैल झालं म्हणून शिव्या घालत आले. इनेस दुकान बंद व्हायच्या जरा आधी मुठीला नवं चामडं बसवायला आले. टॅम चहा घेऊन आला. वॅट मागच्या खोलीत लाकूड आणायला जायचा-यायचा, पुढे कोण किती वेळ उभं होतं ते त्याला सांगता येईना. अंधार पडायच्या सुमारास त्याने शेगडी विझवली, कुलूप लावलं आणि किल्ली दारावरच्या खिळ्याला अडकवली. ती तिथे असते हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"आणि रविवारी?"

"रविवारी चर्च. संध्याकाळी एकटाच माळावर फिरलो. भोकाभोवतीच्या एकेका हिरवळीवर उभा राहून उतार बघितला. हातात काठी नव्हती रे, रविवार पाळतो मी." तो थांबला. मग त्याने उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. "हे कुणाला सांगू नकोस. मला भीती वाटत नाहीये, हेक्टर. मला त्या कर्नलची मान मुरगाळावीशी वाटतेय. या हाताने मी चेंडू भोकात कसा घालू?"

वॅटने तो हात मांडीखाली दाबून धरला.

३

क्लबात शिरताना हेक्टर सवयीने मागच्या दाराकडे वळला, आणि ते लक्षात येताच स्वतःवरच चिडला. पण वळून पुढे जायला वेळ नव्हता.

टॅम गाऊने त्याला धूम्रपानाच्या दालनात नेलं. जमिनीपासून छतापर्यंत काळपट ओकचं लाकूड, जुन्या कॅप्टनांची तैलचित्रं, बंद शोकेस कुठे दिसेना.

"पदक कुठे असायचं?"

टॅमने एका तैलचित्राच्या बाजूचा हवेचा दाब मोजायच्या यंत्राचा डबा हलवला, त्यामागून छोटी किल्ली काढली आणि समोरच्या लाकडी भिंतीत एका कोरीव फुलाच्या मधोमध घातली. भिंतीचा एक तुकडा दारासारखा उघडला. आत निळं मखमली अस्तर, रिकामं.

"हे बाहेरून दिसतच नाही," हेक्टर म्हणाला.

"म्हणून तर केलंय. सभासदांना ठाऊक आणि मला. चोराने काहीच फोडलं नाही, किल्लीने उघडलं, किल्ली परत जागच्या जागी."

शनिवारी सकाळी टॅमने पदक पुसून आत ठेवलं होतं. शनिवारी दुपारनंतर त्याला सुट्टी मिळाली नाही, पण कपाट उघडायचं त्याला कारणही पडलं नाही. रविवारी तो आईकडे आर्ब्रोथला होता, रात्री तिथेच मुक्काम. रविवारी क्लब बंद, खिडक्यांचे पडदे ओढलेले.

कर्नल मॉन्क्रीफ उभ्याउभ्याच बोलले. त्यांच्याकडे रविवारी घरी पाहुणे होते, ब्रिगेडियर वगैरे. त्यांना चौकशीपेक्षा आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद जास्त होता. या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्यांनी अट घातली होती: आज दुपारपासून स्पर्धा संपेपर्यंत प्रोफेशनल खेळाडूंना क्लबच्या पुढच्या दाराने आत घ्यायचं, सभासदांबरोबर बसू द्यायचं. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

"मी पहिल्यापासून विरोधात होतो," कर्नल म्हणाले. "दार उघडायच्या आधीच बघा काय झालं. आज सभा घेऊन ती अटच झुगारून देतो. त्यांना स्पर्धा हवी तर आमच्या पद्धतीने खेळतील."

हेक्टरची शीर उडत होती.

इनेस आपल्या खोलीत पाकिटांवर चिठ्ठ्या डकवत बसले होते. डिंकाच्या बाटलीत ब्रश बुडवून नेटकेपणाने. या मंडळीत वॅटला हाक मारताना हसणारा हा एकच माणूस. दार उघडावं म्हणून सभेत मतही त्यांनीच दिलं होतं.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. "आपला वॅट असं करील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. काल चर्चनंतर मी चष्मा न्यायला क्लबात आलो होतो. पदक तेव्हा होतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे काय, हातात घेतलं. फीत जरा विटली होती, म्हटलं सोमवारी बदलू. मग परत ठेवलं, कुलूप लावलं आणि मोटारीने बहिणीकडे फॉरफारला गेलो. आज सकाळीच परतलो. उघडून बघतो तर हे."

हेक्टर व्हरांड्यात येऊन उभा राहिला. म्हणजे चोरी रविवारच्या दुपारनंतर झाली. टॅम आर्ब्रोथला, इनेस फॉरफारला, कर्नल ब्रिगेडियरच्या शेजारी पोर्ट दारूचा पेला घेऊन. रविवारच्या संध्याकाळी क्लबच्या आसपास एकटा फिरताना जर कुणी दिसलं असेल, तर तो वॅट. आणि ते साऱ्या गावाने पाहिलं होतं.

४

वॅटच्या दुकानासमोर मिसेस स्पिंक राहायच्या. नवरा समुद्रात गेल्यापासून त्यांनी गावाच्या पापपुण्याची राखण अंगावर घेतलेली. रविवारी कुणाच्या दोरीवर कपडे वाळताहेत, कुणाच्या घरातून वाद्य वाजलं, कुणी शिट्टी घातली, सगळं त्यांच्याकडे जमा व्हायचं आणि तिथून पाद्रीबुवांकडे जायचं.

दुकानात काल कुणी शिरलं का, हेक्टरने विचारलं. ते काही त्यांनी पाहिलं नव्हतं, संध्याकाळी त्या स्वतः घटकाभर चर्चमध्ये होत्या.

"पण तो वॅट रविवार पाळणारा आहे, एवढं मी बायबलवर हात ठेवून सांगेन," त्या म्हणाल्या. "काल त्याच्या धुराड्यातून धूर निघाला असता तर मी तशीच उठून पाद्रीबुवांकडे गेले असते. आणि आज सकाळीही नाही निघाला, पोराला खेळायला जायचं होतं ना. आणि तू रे हेक्टर, तुझा बाप असता तर या साहेबांना असा कुर्निसात केला नसता."

तिथून हेक्टर घरी गेला ते भुकेने नव्हे, दार आपटायला स्वतःचं घर लागतं म्हणून. त्याच्या बायकोने, बेथियाने, त्याच्यापुढे थाळी सरकवली. बैलाच्या नळीचं मांस शिजवून वाडग्यात थिजवलेलं. तिच्याकडे हे शनिवारी व्हायचं, कारण रविवारी चूल पेटवायची नाही. रविवारी अर्धं, सोमवारी उरलेलं.

"खा तरी," ती म्हणाली. "रागाने तपास होत असता तर तू कधीच इन्स्पेक्टर झाला असतास."

हेक्टरने काटा खुपसला. वाडग्यातून पालथं काढलेलं ते थिजलेलं मांस नुसतं थरथरलं. त्या मांसाच्या पोटात, अगदी आत, अंड्याची एक गोल चकती होती. काट्याने त्याने ती उकरून बघितली. वरचा पृष्ठभाग फुटला, कडा खडबडीत झाल्या. तो तसाच बघत राहिला.

"बेथिया, हे अंडं आत कसं गेलं?"

"कसं म्हणजे? रस कढत असताना टाकलं. एकदा थिजल्यावर जातंय होय आत? सगळ्याची वाट लागेल."

हेक्टर उठला. टोपी त्याने दारातच चढवली आणि थाळी तशीच राहिली.

५

धूम्रपानाच्या दालनात हेक्टरने सगळ्यांना बसवलं. कर्नल, इनेस, टॅम. मग स्वतः जाऊन वॅटला बाकावरून उठवलं आणि क्लबच्या पुढच्या दाराने आत आणलं. कर्नल ताडकन उठले, दुपार अजून व्हायची आहे म्हणाले. हेक्टरने ऐकलं नाही. उंबऱ्यावर वॅटचा हात आपोआप टोपीकडे गेला.

"टोपी राहू दे डोक्यावर," हेक्टर म्हणाला, जरा जोरातच.

वॅट आत आला आणि दालनाच्या मधोमध थांबला. त्याने तैलचित्रांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"वॅट, पदकाच्या कपाटाची किल्ली काढ."

"कुठलं कपाट?"

"इथेच आहे."

वॅटने भिंतीवरून नजर फिरवली. कोपऱ्यातलं एक दार दिसलं, तिकडे जाऊन उघडलं. आत झाडू आणि बादल्या होत्या. टॅमने खाली बघितलं. वॅट परत फिरला आणि तसाच उभा राहिला.

कर्नलांच्या लक्षात आधी आलं. कर्नल उद्धट होते, पण खोटारडे नव्हते. "तो इथे कधी आलेलाच नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही आला," हेक्टर म्हणाला. "वीस वर्षं तुम्हाला खेळ शिकवतोय, तुमच्या काठ्या सांधतोय. तुम्ही कुणी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीत. आणि आज तुम्ही म्हणता, तो अंधारात सरळ चालत आला, डब्यामागची किल्ली काढली, भिंतीत लपवलेलं कपाट उघडलं आणि किल्ली जागच्या जागी लावून गेला. तुम्हाला वाटलं ही खोली जगाला ठाऊक आहे. तुमचाच नियम तुम्ही विसरलात."

"त्याने सोंग केलं असेल," इनेस शांतपणे म्हणाले. "किंवा कुणाकडून ऐकलं असेल. मला तसं वाटत नाही, पण कुणीही म्हणेल."

"अगदी बरोबर. म्हणून मी त्यावर विसंबत नाही. इनेससाहेब, काल चर्चनंतर तुम्ही पदक हातात घेतलंत?"

"सांगितलं ना मी."

"चूक होत नाही ना तुमची? शनिवारची आठवण असेल."

"सार्जंट, मी फीत बोटांत धरून पाहिली. रविवार होता. चर्चच्या कपड्यांत होतो मी."

"सगळ्यांनी ऐकलं?" हेक्टरने कर्नलांकडे पाहिलं. कर्नलांनी मान हलवली.

मग हेक्टरने खिशातून रुमालात बांधलेला तपकिरी तुकडा काढला आणि त्यांच्या चकचकीत टेबलावर आपटला. तो सरसाचा होता, चामड्यासारखा घट्ट.

"सकाळी पदक याच्या पोटात होतं. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चरा नाही. मी पटाशीने फोडला तेव्हा निघालं. थिजलेल्या सरसात कुणी पदक खुपसलं असतं तर वर भोसका दिसला असता. ते आत बुडालं तेव्हा सरस पातळ होता. शेगडी शेवटची पेटली ती शनिवारी. रविवारी धूर निघाला नाही, हे मिसेस स्पिंक सांगतील, आणि त्यांच्या नजरेतून धूर सुटत नाही. आज सकाळी राख पांढरी होती, मी स्वतः हात लावून बघितली. म्हणजे पदक शनिवारीच भांड्यात पडलं. मग रविवारी इनेससाहेबांनी हातात काय धरलं?"

इनेसांनी त्या तुकड्याकडे पाहिलं. बोटाने जरासं दाबलंही. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. त्यांच्या टेबलावर डिंक बाटलीत असायचा आणि तो कधीही पातळच असायचा. हाडांचा सरस निवला की दगड होतो हे गावातल्या कुठल्याही सुताराच्या, कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं असतं. इनेसांच्या आयुष्यात ना सुतारकाम आलं होतं, ना चूल.

"शनिवारी दुपारी तुम्ही इथून पदक काढलंत," हेक्टर म्हणाला. "मुठीचं चामडं बदलायच्या निमित्ताने दुकानात गेलात, वॅट मागे गेला तेवढ्यात सरसात टाकलंत. चोरी शनिवारची दिसली तर कपाट ठाऊक असलेली तीन माणसं दुकानात आली होती, त्यात तुम्हीही. म्हणून ती रविवारची व्हायला हवी होती. रविवारी तुम्ही फॉरफारला असणार, आणि वॅट माळावर एकटा असणार, तो दर स्पर्धेआधी फिरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्यासाठी ते चष्म्याचं सांगितलंत."

"पण का?" हे कर्नलांनी विचारलं. "इनेस, तुम्ही तर दार उघडायच्या बाजूचे."

इनेसांनी तो तुकडा दूर सारला. मग त्यांचा तो मऊ आवाज फाटला.

"विरोधात मत देणं तुम्हाला परवडतं, कर्नल. तुमचे आजोबा त्या भिंतीवर आहेत. माझ्या बापाचं किराणा दुकान होतं. मी या दारासाठी अर्धं आयुष्य थांबलो. तुमच्या सगळ्यांच्या पार्ट्यांत हसलो, तुमची पाकिटं चिकटवली. मी विरोध केला असता तर तुम्हीच म्हणाला असता, वाण्याचं पोर आता प्रोफेशनलांना नाकं मुरडतंय. आणि हा," त्यांनी वॅटकडे बघितलं नाही, नुसतं बोट दाखवलं, "हा काही न करता आज दुपारी आत चालत येणार होता. मग मी थांबलो कशासाठी?"

वॅट पहिल्यांदाच बोलला.

"मी काही केलं नाही?" तो म्हणाला. "तुमच्या हातातली काठीसुद्धा मी केलीय."

६

कर्नलांनी वॅटची माफी मागितली. ती वाईट मागितली, उभ्याउभ्या, खाकरत, पण मागितली. मग ते हेक्टरला बाजूला घेऊन म्हणाले, बाहेर गर्दी आहे, वर्तमानपत्रवाले आहेत, इनेसांना जरा मागच्या दाराने न्या.

"मागचं दार नोकरांसाठी आहे, कर्नलसाहेब," हेक्टर म्हणाला. "इनेससाहेब सभासद आहेत."

आणि दंडाला धरून त्याने इनेसांना पुढच्या दाराने, पायऱ्यांवरून, सगळ्या गर्दीच्या मधून नेलं. हेक्टरच्या नोकरीतला हा एवढाच क्षण त्याला मनापासून आवडला. पण त्याने राग गेला नाही.

कर्नल दारात उभे राहून वॅटला म्हणाले, आता दार उघडंच आहे, आत बस, काहीतरी घे. वॅटने नको म्हटलं. दुकानात जाऊन त्याने काठ्या उचलल्या आणि थेट खेळ सुरू करायच्या जागेवर जाऊन उभा राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सकाळी कोपराने ढोसणारे तेच लोक.

त्याचा पहिला फटका वाऱ्याला कापत सरळ गेला, दुसरा हिरवळीवर पडला. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर राहिला. शाळेतल्या पोरानेही तो आत ढकलला असता. वॅट वाकला, आणि दोरीपलीकडून हेक्टरला त्याचा उजवा हात दिसला. चेंडू भोकाच्या कडेवरून फिरून बाहेर राहिला. गर्दीतून एक सुस्कारा निघाला. वॅटने तो पुढच्या फटक्यात आत घातला आणि मान वर न करता चालू लागला.

त्यानंतर तो जो खेळला, त्याबद्दल इन्व्हरकीरमध्ये अजून बोलतात. शेवटच्या दिवशी सुजलेला गुडघा ओढत त्याने एकेकाला मागे टाकलं. तरी अजिंक्यपद दूरच्या सरे परगण्यातून आलेल्या एका तरुणाने नेलं. वॅट दुसरा आला, एका फटक्याने मागे. तो पुढच्या वर्षी गेला नाही, गुडघ्याने जाऊ दिलं नाही. त्या आठवड्यात सगळे प्रोफेशनल पुढच्या दाराने आत-बाहेर करत होते, फक्त वॅट नव्हता. नंतर क्लबने त्याला मानाचं सभासदत्व देऊ केलं, तेही त्याने घेतलं नाही. गावातल्या सगळ्यांनी समजावलं. तो म्हणाला, मला आतला रस्ता माहीत नाही.

पदक कपाटात परत गेलं. टॅमने त्याला चिकटलेला सरस गरम पाण्याने धुऊन काढला, फीत नवी लावली. इनेसांना शिक्षा झाली ती हसण्यासारखी, आणि क्लबवाले म्हणायला लागले की प्रकरण मिटलं, गेलेली वस्तू तर मिळाली.

हे कुणी हेक्टरसमोर म्हटलं की त्याच्या कपाळावरची शीर आजही उडते. पदक कुणी चोरलंच नव्हतं, तो म्हणतो, ते तर नुसतं या इमारतीतून त्या पडवीत गेलं. चोरीला गेला तो पहिल्या हिरवळीवरचा हातभर अंतराचा फटका, आणि तो अजून कुणी परत केलेला नाही.